‘तुला काय, एकटा जीव!’

जयंतीच्या आखणीची बैठक होती. नाशिकरोडला, नेहमीच्या विहारात. व्याख्यानाचे विषय निघाले. आरक्षण, खाजगीकरण, शिष्यवृत्ती. मागं चटईवर बसलेल्या एका पोरानं हात वर केला. कॉलेजातलं पोर, आवाज कापत होता. म्हणाला, ‘‘दादा, समलिंगी माणसांच्या प्रश्नावर एक व्याख्यान ठेवायचं का?’’

हशा झाला. एकानं हात हलवून बायल्याची नक्कल केली. अध्यक्ष म्हणून बसलेले कार्यकर्ते हसले नाहीत. चळवळीत लाठ्या खाल्लेला माणूस आहे, मी त्यांना मानतो. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘‘बाळा, हे मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रूंचे चोचले. आपल्या पोरांच्या हाताला आधी काम मिळू दे, मग बघू.’’

पोरगं खाली बसलं. विषय संपला. चहा आला.

मी तिथंच होतो. माझं वय 57. मी पण चहा घेतला. मी पण गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटली म्हणून हे लिहितोय.

दोस्तांनो, तो ‘उच्चभ्रू’ शब्द नीट बघा. 2023 साली समलिंगी विवाहाचा खटला सुप्रीम कोर्टात चालला, तेव्हा केंद्र सरकारनं प्रतिज्ञापत्रात हेच लिहून दिलं होतं, की ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. ज्या सरकारशी आपलं एका वाक्यावर जमत नाही, त्या सरकारचं वाक्य आपल्या विहारात आपल्या माणसाच्या तोंडी कसं आलं? आणि आपल्यातल्या एकालाही ते खटकलं कसं नाही?

‘आधी हाताला काम’ म्हणता ना? ठीक. मी प्रेमावर बोलणारच नाही. मी काम, पगार, खोली, पेन्शन आणि म्हातारपण यावरच बोलतो. बघू या, हा चोचला आहे का भाकरी आहे.

*

सवर्णाच्या घरात जमीन असते, फ्लॅट असतो, मामाची ओळख असते. त्याचं पोरगं घराबाहेर पडलं तरी त्याच्या खिशात आडनाव असतं. आपल्याकडं काय असतं? आपल्याकडं घर असतं. घर म्हणजे चार भिंती नाहीत, चार माणसं. पोरगं शिकतं ते थोरल्याच्या ओव्हरटाइमवर. बहिणीचं लग्न होतं ते भावाच्या सोसायटीच्या कर्जावर. आजारपण निघतं ते चुलत्याच्या उसनवारीवर. आपली बँक, आपला विमा, आपली पेन्शन, सगळं तेच. बापजाद्यांचं वतन होतं, ते गुलामीचा दोर होतं, 1958 च्या कायद्यानं गेलं, बरं झालं. पण त्याच्या बदल्यात तिजोरी कुणी दिली नाही. नातं हीच तिजोरी राहिली.

या बँकेत खातं उघडायला एकच कागद लागतो. लग्न.

आता जे पोरगं लग्न करू शकत नाही, बाई त्याच्या मनात येतच नाही, त्यानं काय करायचं? खरं बोललं तर बँक बंद. खोटं बोललं तर जन्मभर व्याज भरायचं. तिसरा रस्ता त्याला कुणी दाखवलेला नाही. वरच्या जातीतलं पोर घरच्यांशी भांडून मुंबईत एकटं राहू शकतं. आपलं पोर भांडलं तर रात्री झोपायचं कुठं, हा पहिला प्रश्न. म्हणून सांगतो, हा उच्चभ्रूंचा प्रश्न नाही. उच्चभ्रूंना तो परवडतो. आपल्याला परवडत नाही, म्हणून तो आपला जास्त आहे.

*

‘अभ्यास चालू आहे’ हे वाक्य तुम्ही किती घरांत ऐकलंत? पोरगं 28 चं झालं, 30 चं झालं, स्पर्धा परीक्षा देतंय. पाहुणे स्थळ घेऊन येतात, आई म्हणते, ‘‘परीक्षा होऊ द्या.’’ सगळेच असे असतात असं नाही, बहुतेकांना खरंच पोस्ट पाहिजे असते. पण त्यांच्यात काही पोरं अशी आहेत, की त्यांना पोस्टपेक्षा परीक्षा जास्त पाहिजे. कारण आपल्या समाजात लग्न टाळायला मान्य असलेलं एकच कारण आहे, शिक्षण. बाबासाहेबांचं नाव घेतलं की आईसुद्धा पुढं बोलत नाही. मग हुशार पोरगं हातातली बरी नोकरी सोडतं, पुण्यात कॉट बेसिसवर राहतं, एकेक वर्ष विकत घेतं. वयाची अट संपते, तेव्हा हातात ना पोस्ट, ना नोकरी, ना बचत. वस्ती म्हणते, नापास झाला. तो परीक्षेत नापास झालेला नसतो. तो दहा वर्षं लपून बसलेला असतो.

जे नोकरीला लागतात त्यांचं ऐका. मी एका कारखान्यात लागलो, नाव सांगत नाही. दोनदा वरची जागा देऊ केली. दोन्ही वेळा नको म्हणालो. वरच्या जागेवर साहेबाच्या घरी जेवायला जावं लागतं, ‘मिसेसना घेऊन या’ म्हणतात. चार लोकांच्या नजरेत यावं लागतं. खाली मशीनवर माणूस दिसत नाही. मी न दिसण्याची किंमत पगारात मोजली. दोस्तांनो, हा हिशोब तुम्हाला नवा आहे का? आपल्या नाशिकच्या बाबुराव बागुलांच्या 1963 च्या पुस्तकाचं नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’. खोली मिळावी, काम मिळावं म्हणून आडनाव गिळणारी माणसं आपल्या घराघरांत होऊन गेली. जात चोरणाऱ्याला मोठी स्वप्नं परवडत नाहीत, कारण उंच चढला की लोक विचारतात, हा कोण, कुठला. तेच इथं. मी दोन गोष्टी चोरल्या. बाहेर जात चोरली आणि घरात स्वतःला चोरलं. घरमालक आधी विचारतो, ‘‘फॅमिली आहे का?’’ मग आडनाव विचारतो. एका दाराला दोन कुलपं. सवर्ण गेला एकाच कुलपाशी झगडावं लागतं.

*

आता ‘एकटा जीव’.

लग्न न केलेल्या पोराला घर हाकलत नाही, असंही होतं. घर त्याला ठेवून घेतं आणि पिळतं. ‘‘तुला काय, एकटा जीव! तुला कशाला पैसा?’’ भावाच्या पोराची फी त्यानं भरायची. बहिणीचं बाळंतपण त्यानं करायचं. घराचा स्लॅब त्याच्या पैशानं पडतो आणि उतारा भावाच्या नावावर होतो, कारण भावाला ‘संसार’ आहे. तो पण देत राहतो. का देतो? त्याला आतून वाटतं, मी घराचं काहीतरी देणं लागतो, मी त्यांना नातू दिला नाही. गुन्हा नसताना भरलेला दंड आहे हा. वेठबिगारी म्हणजे दुसरं काय असतं? पन्नाशीनंतर हाच एकटा जीव दुखण्यानं पडला की भावजय म्हणते, ‘‘यांचं कोण करणार?’’

माझं मी सांगतो. माझा एक सोबती होता. आम्ही 1999 ला भेटलो आणि 22 वर्षं एका छताखाली राहिलो. लोकांसाठी रूम पार्टनर. जेलरोडला 2004 साली खोली घेतली. पैसे दोघांचे, कर्ज त्याच्या नावावर, म्हणून कागद त्याच्या नावावर. हप्ता अर्धा मी भरला, त्याची पावती नाही. नवरा-बायको कुठं पावत्या ठेवतात?

2021 च्या एप्रिलात त्याला कोरोना झाला. दवाखान्यात कागदावर सही करायला विचारलं, ‘‘नात्यानं कोण?’’ मी म्हणालो, ‘‘रूम पार्टनर.’’ त्यांनी गावाकडं फोन लावला. तो गेला तेव्हा मी दवाखान्याच्या गेटबाहेर होतो. तेराव्या दिवशी भाऊ आले. वाईट माणसं नाहीत. जय भीम म्हणाले, चहा प्यायले आणि किल्ली मागितली. कायद्यानं खोली त्याच्या आईची झाली, पुढं आईनं भावांच्या नावे बक्षीसपत्र केलं. सगळं कायदेशीर. मला त्याचा जेवणाचा डबा दिला. ‘‘आठवण म्हणून ठेवा, काका.’’ 17 वर्षांचे अर्धे हप्ते आणि एक डबा.

मी रडगाणं गात नाही. मी विचारतो, कुठला कायदा? ऐका. आपण ऑक्टोबर 1956 ला नागपूरला हिंदू धर्म टाकला. त्याच वर्षी जूनमध्ये हिंदू वारसा कायदा लागू झाला होता. तो बौद्धांनाही लागू आहे, आजही. मृत्युपत्र न करता पुरुष मेला तर पहिला हक्क मुलगा, मुलगी, विधवा आणि आईचा. ते नसतील तर बाप. मग भाऊ-बहिणी. मग लांबचे, मग त्याहून लांबचे. रक्ताचं कुणीच सापडलं नाही तर सरकार. म्हणजे 22 वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचा नंबर सरकारच्याही मागं नाही. यादीतच नाही!

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं 377 कलमाची बेडी काढली. दोन सज्ञान पुरुषांचं संमतीनं एकत्र येणं गुन्हा राहिला नाही. पेढे वाटले गेले. पण गुन्हेगार नसणं वेगळं आणि वारस असणं वेगळं. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टानं सांगितलं, लग्नाचा मूलभूत हक्क नाही, करायचा तर कायदा संसदेनं करावा. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले. मधल्या काळात, ऑगस्ट 2024 ला, केंद्राच्या अर्थखात्यानं कळवलं की अशा जोडीदारांना बँकेत जोडखातं उघडायला आणि नॉमिनी लावायला बंदी नाही. रेशनकार्डावर एक घर म्हणून धरावं, असंही राज्यांना कळवलं गेलं. बस्स. घराला कायदा नाही, रेशनला आहे.

आणि नॉमिनीच्या भरवशावर राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेऊन वारसांना देणारा हमाल. विम्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे 1980 च्या दशकातच सांगून ठेवलंय. प्रॉव्हिडंट फंडात तर ‘कुटुंब’ असेल तर कुटुंबाबाहेरचं नाव चालतच नाही, आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-बाप हे त्या नियमानं कुटुंब. सोबती नव्हे.

*

कुणी म्हणेल, बाबासाहेबांच्या विचारात हे कुठं बसतं? बसतं. मधोमध बसतं.

मे 1916. बाबासाहेब 25 वर्षांचे. कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचतात. सांगतात काय? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. त्यासाठी जातीला प्रत्येक बाईचा आणि प्रत्येक पुरुषाचा हिशोब लावावा लागतो. जोडीतला एक मेला की दुसरा ‘शिल्लक’ उरतो, आणि शिल्लक माणूस जातीला धोका वाटतो. मग सती, मग सक्तीचं वैधव्य, मग बालविवाह. हे वाचून तुम्ही भाषणं करता. मग घरी येऊन लग्नाला तयार नसलेल्या पोराला ‘आपल्यातलीच’ पोरगी बघता, ती पण पोटजात विचारून! तुम्ही कुणाच्या चाकाला तेल घालताय? जे पोरगं कुणाच्याच हिशोबात बसत नाही ते या यंत्रातला खडा आहे. आंबेडकरवाद्यानं खडा जपायचा का यंत्र?

1934 साल. रघुनाथ धोंडो कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचा खटला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली हा गुन्हा. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. वकीलपत्र कुणी घेतलं? बाबासाहेबांनी. काळारामाचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार झाला होता. डोंगराएवढी कामं होती. ते म्हणाले का, ‘आधी आमच्या पोरांना नोकऱ्या मिळू देत’? खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण उभे राहिले.

आणि 1951. मंत्रिपद सोडलं. कारणं अनेक होती, पण हिंदू कोड बिलाचा गळा घोटला हे त्यातलं मोठं कारण. त्या बिलात काय होतं? मुलीला वाटा, विधवेला हक्क. म्हणजे मेल्यावर मागं कुणाला काय मिळणार, या प्रश्नावर आपल्या बापानं खुर्ची फेकली. वारसा हा चोचला असता तर फेकली असती?

आपल्या जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड 1964 ला भूमिहीनांसाठी देशभर तुरुंग भरायला निघाले. त्यांना कळलं होतं, देवळाचं दार उघडून पोट भरत नाही, पायाखाली जमीन पाहिजे. त्यांच्या नावाची योजना भूमिहीन दलित कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन देते. चांगली योजना. पण तिथंही माप ‘कुटुंब’. दोन पुरुषांचं घर कुठल्या मापात बसवणार? दोन बायकांचं? त्यांचं तर आणखी अवघड. मी निदान एकटा खोली शोधायला बाहेर पडू शकलो. आपल्या बहिणीला तेवढंही कुणी करू देत नाही.

*

आता माझ्यासारख्यांना दोन शब्द. सगळा दोष समाजाचा म्हणून हात झटकायचे नाहीत.

म्हातारपणी भाकर कोण घालील, या भीतीनं लग्न करणारे आपल्यात ढिगानं आहेत. बायको आणतात, पोरं होतात, वस्तीत मान मिळतो. आणि ती बाई? तिला जन्मभर कळत नाही, आपल्यात काय कमी आहे. तिच्या आयुष्याची एफडी करून तुम्ही तिच्या व्याजावर जगता. भीती खरी असेल, पण ही चोरीच आहे. आणि चोरी गरिबाच्याच लेकीच्या घरात. स्वतःच्या गुलामीवर उतारा म्हणून दुसरी गुलाम आणणं याला ब्राह्मण्य म्हणतात, मग ते करणारा कुणीही असो.

आणि त्या इंद्रधनुष्यी झेंडेवाल्यांनाही सांगून ठेवतो. 2015 साली मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात एका आईनं आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे म्हणून जाहिरात दिली. कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे, आई असावी तर अशी. पण जाहिरातीत जातीची अट नाही म्हणून पुढं आपल्याच जातीला पसंती लिहिली होती! म्हणजे 377 गेलं तरी मनू गेला नाही. त्यांच्या मिरवणुकीत आम्ही जातीनं परके, तुमच्या मिरवणुकीत आम्ही बायल्या. आम्ही जायचं कुठं? आम्ही कुठंच जाणार नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही तुमच्या शेजारीच चालत होतो. पावती पुस्तक आमच्या हातात होतं. डीजेसमोर तुम्ही ज्याला नाचवलंत, तो आमच्यातलाच होता.

*

नुसती आग ओकून उपयोग नाही. कामं सांगतो. फुकटात होण्यासारखी आहेत.

एक. चळवळीतल्या वकिलांनी रक्तदान शिबिरासारखं मृत्युपत्र शिबिर घ्यावं. 29 डिसेंबरला दादासाहेबांच्या स्मृतिदिनी घ्या. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनीही करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. साक्षीदार म्हणून कार्यकर्ते बसा. माझ्या सोबत्यानं तो एक कागद केला असता, तर स्वतःच्या कमाईची खोली तो मला देऊ शकत होता. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. विचारणार कुणाला? वकिलाला आधी नातं सांगावं लागलं असतं.

दोन. खोली, गाडी, खातं, जे घ्याल ते दोघांच्या नावानं घ्या. प्रेमात हिशोब कशाला, असं म्हणणारा एक तर श्रीमंत असतो नाही तर मूर्ख. मी मूर्ख होतो.

तीन. घराबाहेर काढलेल्या पोराला पहिले तीन महिने झोपायला जागा द्या. एवढी विहारं आहेत, एवढी मंडळं आहेत. डॉल्बीचं एका रात्रीचं भाडं वाचवलं तरी एका पोराचं खोलीभाडं निघेल.

चार. लग्न नको म्हणणाऱ्या पोराला आणि पोरीला ‘का?’ विचारणं बंद करा. घर सोडून गेलेल्या राजपुत्राच्या मूर्तीपुढं आपण रोज गुडघे टेकतो. मग लग्न न केलेल्या पोराच्या मागं दगड घेऊन का लागतो?

पाच. त्या पोराचं व्याख्यान ठेवा.

*

येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी सांगितलं, जन्म हातात नव्हता पण मरण कुठल्या धर्मात यायचं ते माझ्या हातात आहे. मी कसा जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं. पण मरताना ‘रूम पार्टनर’ म्हणून मरणार नाही, एवढं मी ठरवलंय. माझं मृत्युपत्र लिहून झालंय. भावाच्या पोरांना त्यांचा वाटा आहे. उरलेलं, जे काय थोडं आहे ते, घराबाहेर पडलेल्या अशा एका पोराच्या शिक्षणाला. साक्षीदार दोन पाहिजेत. एक मिळाला.

या लेखाखाली माझं नाव नाही. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय आणि मी अजून भितो. बागुलांच्या पुस्तकाच्या नावात जात चोरलेली होती, मी नाव चोरलं, हिशोब करा. पण पुढच्या बैठकीला येणार आहे. त्या पोरानं पुन्हा हात वर केला तर त्याच्या शेजारी दुसरा हात वर होईल. तो म्हातारा असेल. ओळखा.

आणि दुसरा साक्षीदार व्हायला तुमच्यातलं कुणी तयार असेल तर चहा संपल्यावर थांबा.

जय भीम.